वेगाची पाटी एकाची, रस्ता दुसऱ्याचा

१२ डिसेंबर २०२४ रोजी लोकसभेत प्रश्नोत्तराच्या तासाला केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री नितीन गडकरी यांनी दिलेल्या कबुलीसारखी कबुली सत्ताधारी बाकांवरून सहसा ऐकू येत नाही. रस्ते अपघात निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट आपण ठेवले होते. ते कमी होणे तर दूरच, उलट वाढले, आणि हे मान्य करायला आपल्याला संकोच वाटत नाही, असे त्यांनी सभागृहाला सांगितले. आंतरराष्ट्रीय परिषदांत अपघातांचा विषय निघाला की तोंड लपवावेसे वाटते, असेही ते म्हणाले. वर्षाला सुमारे १ लाख ७८ हजार बळी आणि त्यांतील साठ टक्के १८ ते ३४ या वयोगटातले, हा हिशेबही त्यांनीच मांडला.

कबुली प्रामाणिक होती, यात शंका नाही. पण कबुलीने प्रश्न संपत नाही, तो तेथून सुरू होतो. अपघात का वाढले, याचे राजधानीतील प्रत्येक सरकारी कचेरीत मिळणारे तयार उत्तर म्हणजे चालकांची बेशिस्त. केंद्रीय मंत्रालयाचा २०२२ चा अहवालही वरवर पाहता तेच सांगतो. त्या वर्षी देशात ४,६१,३१२ अपघात झाले, १,६८,४९१ माणसे दगावली आणि मृत्यूंपैकी ७१.२ टक्के मृत्यू ‘अतिवेग’ या सदराखाली नोंदले गेले. हा शब्द चालकावर बोट ठेवून मोकळा होतो. भरवस्तीत इतका वेग गाठता येईल असा रस्ता कोणी बांधला, तेथे किती वेग योग्य हे कोणी ठरवले आणि ठरवले असेल तर त्या वेगाला आवर घालणारी रचना कोणी करायची, हे प्रश्न त्या शब्दाआड झाकले जातात. भारतातल्या शहरी वेगमर्यादेचे सारे राजकारण या झाकलेल्या प्रश्नांतच दडलेले आहे.

स्टॉकहोमचे वचन, दिल्लीची अधिसूचना

फेब्रुवारी २०२० मध्ये स्वीडनच्या राजधानीत रस्ते सुरक्षेवरील तिसरी जागतिक मंत्रिस्तरीय परिषद भरली. भारताच्या शिष्टमंडळाचे नेतृत्व खुद्द गडकरी यांनी केले होते. या परिषदेच्या ‘स्टॉकहोम जाहीरनाम्या’त एक कलम नेमके होते. जेथे पादचारी, सायकलस्वार आणि मोटारी एकाच रस्त्यावर नेहमीच एकत्र वावरतात, तेथे कमाल वेग ताशी ३० किलोमीटर असावा. अधिक वेग सुरक्षित असल्याचा ठोस पुरावा असेल, तेथेच अपवाद करावा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने या जाहीरनाम्याला पाठिंबा दिला आणि २०२१ ते २०३० या दशकात रस्त्यावरील मृत्यू व जायबंदी होण्याचे प्रमाण निम्म्यावर आणण्याचे लक्ष्य ठरवले.

जाहीरनामा कायद्याने बांधून घालत नाही, हे खरे. तरीही त्याच्या शेजारी आपल्याकडची अधिसूचना ठेवून पाहिली, की दोन्हींतले अंतर डोळ्यांत भरते. ६ एप्रिल २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेने मोटारींसाठी द्रुतगती मार्गावर ताशी १२०, चौपदरी दुभाजित रस्त्यावर १०० आणि महापालिका हद्दीतील रस्त्यांवर ७० किलोमीटर ही कमाल मर्यादा घातली. दुचाकींना महापालिका हद्दीत ६० आणि तीनचाकींना ५० ची मुभा मिळाली. मर्यादांचा हा पट मोटारीच्या सोयीने मांडलेला आहे. रस्ता ओलांडणारे पोर, भाजीची पिशवी घेऊन दुभाजकावर खोळंबलेली बाई आणि बसथांब्याकडे धावणारा कारकून या पटावर कोठेही नाहीत.

या अधिसूचनेचा प्रवासही सरळ झाला नाही. एका अपघातग्रस्त दंतवैद्यकाच्या भरपाईच्या अपिलात मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती रद्द ठरवली आणि कमी मर्यादा घालण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गडकरी यांनी जाहीर व्यासपीठावरून मांडलेली दिशा मात्र उलटी होती. द्रुतगती मार्गावर १४० आणि शहरांतील रस्त्यांवर ७५ किलोमीटरपर्यंत वेग असावा, असा त्यांचा कल होता आणि न्यायालयीन निकालांची अडचणही त्यांनी बोलून दाखवली होती. स्टॉकहोममध्ये तीस आणि दिल्लीत पंचाहत्तर, हा विसंगतीचा पल्ला दोन वर्षांच्या आत गाठला गेला.

तीसच का?

तीसचा आकडा हा युरोपातल्या निवांत शहरांचा हट्ट नव्हे. तो शरीर आणि धातू यांच्या टकरीच्या हिशेबातून आलेला आहे. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. ताशी ६० च्या वेगाने धावणारी गाडी सेकंदाला सुमारे सतरा मीटर कापते, ३० च्या वेगाने जाणारी जेमतेम सव्वाआठ. समोर माणूस दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर पहिली गाडी अजून वेग कमी करायला लागलेलीच नसते. दुसरी तोवर निम्मेच अंतर चाललेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानुसार सरासरी वेगात एक टक्का वाढ झाली, की प्राणघातक अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. मोटारीच्या दर्शनी भागाची धडक बसलेल्या पादचाऱ्याचा मृत्यूचा धोका ताशी ५० वरून ६५ वर जाताना साडेचारपट होतो.

भारतात या गणिताला अधिक धार आहे, कारण येथे रस्त्यावर मरणारा माणूस बहुधा मोटारीच्या पत्र्याआड बसलेला नसतो. २०२२ मधील मृतांत ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते आणि १९.५ टक्के पायी चालणारे. दिल्लीत तर पोलिसांच्या अहवालांत पादचाऱ्यांचाच वाटा सर्वांत मोठा असतो. तो चाळीस टक्क्यांच्या वर गेलेला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार देशातल्या मोटार असलेल्या कुटुंबांचे प्रमाण आठ टक्क्यांच्या आसपास आहे. वेगाचा लाभ थोड्यांचा आणि वेगाची किंमत मोजणारे बहुतांशी दुसरे, असा हा व्यवहार आहे.

यावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात आणि ते उडवून लावण्याजोगे नाहीत. पहिला असा, की देशातले बहुसंख्य मृत्यू शहरांबाहेर होतात. २०२२ मध्ये ग्रामीण भागाचा वाटा सुमारे ६८ टक्के होता. शहरांत तीसची मर्यादा घातल्याने आकडा निम्म्यावर येणार नाही, हे मान्यच करावे लागेल. परंतु गावाच्या मध्यातून जाणारा महामार्ग, त्याच्या एका अंगाला शाळा आणि दुसऱ्या अंगाला वस्ती, ही स्थितीही ‘पायी चालणारे आणि मोटारी एकत्र’ अशीच आहे. स्टॉकहोमचे तत्त्व तेथेही तितकेच लागू पडते. शिवाय त्याच वर्षी राष्ट्रीय महामार्गांवर ३६.२ आणि राज्य महामार्गांवर २४.३ टक्के मृत्यू झाले, तर उरलेले ३९.४ टक्के ‘इतर रस्त्यांवर’ झाले. चर्चा महामार्गांची होते. सर्वांत मोठा वाटा मात्र या बिननावाच्या रस्त्यांचा आहे.

दुसरा आक्षेप असा, की आपली शहरे गर्दीने मुळातच रांगत असताना मर्यादा हवी कशाला? पण जीव घेतो तो दिवसभराचा सरासरी वेग नव्हे, रस्ता मोकळा मिळताच गाठलेला कमाल वेग. वस्तीतले शेवटचे एक किलोमीटर ५० ऐवजी ३० च्या वेगाने कापले, तर जास्तीचा वेळ लागतो ४८ सेकंद. सिग्नलला आणि कोंडीत जाणाऱ्या वेळापुढे हा तोटा नगण्य आहे.

अधिकारांची वाटणी, जबाबदारीची पळवाट

मग मर्यादा कोणी घालायची? मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ११२ म्हणते, की कमाल वेगाची सर्वोच्च सीमा केंद्र ठरवील; त्या सीमेच्या आत सार्वजनिक सुरक्षेसाठी अथवा रस्त्याच्या स्वरूपानुसार कमी मर्यादा घालण्याचा अधिकार राज्य सरकारला किंवा त्याने नेमलेल्या प्राधिकाऱ्याला आहे. त्यासाठी राजपत्रात अधिसूचना हवी आणि रस्त्यावर फलक हवा. म्हणजे कायद्याचा मूळ गृहीतक वरच्या सीमेचा आहे. कमी वेग हा अपवाद, आणि तो एकेका रस्त्यासाठी सिद्ध करायचा. तीसचे तत्त्व नेमके याच्या उलट आहे. तेथे वस्तीत कमी वेग हा नियम आणि अधिक वेग हा कारणे देऊन करायचा अपवाद.

राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टाने हा गुंता आणखी वाढवला आहे. राष्ट्रीय महामार्ग संघ सूचीत, यांत्रिक वाहने समवर्ती सूचीत, इतर रस्ते आणि पोलीस राज्य सूचीत. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या परिशिष्टात रस्ते व पूल हे नागरी स्वराज्य संस्थांकडे सोपवण्याचा विषय म्हणून नोंदले गेले. प्रत्येकाकडे काही अधिकार, संपूर्ण जबाबदारी कोणाकडेच नाही. वेगाची पाटी लावणारा हात एक, रस्ता बांधणारा दुसरा आणि दंड करणारा तिसरा.

याचे सर्वांत ठळक उदाहरण खुद्द राजधानी. दिल्लीत वेगमर्यादा वाहतूक पोलीस अधिसूचित करतात. हे पोलीस केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत. साठ फूट व त्याहून रुंद असे सुमारे १,४०० किलोमीटरचे मुख्य रस्ते दिल्ली सरकारच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. गल्ल्या आणि वसाहतींचे रस्ते महापालिकेकडे. ल्युटन्स दिल्ली नवी दिल्ली नगरपालिका परिषदेकडे. छावणीचा भाग छावणी मंडळाकडे. काही रस्ते दिल्ली विकास प्राधिकरणाकडे आणि शहरातून जाणारे राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या महामार्ग प्राधिकरणाकडे.

जून २०२१ मध्ये दिल्ली वाहतूक पोलिसांनी नव्या मर्यादा जाहीर केल्या. मुख्य रस्त्यांवर मोटारींना ६० ते ७०, दुचाकींना ५० ते ६०, रिक्षांना ४० आणि निवासी भाग, बाजारपेठा व सर्व्हिस रोडवर सर्वांना ३०. कागदावर पाहता वस्त्यांपुरते स्टॉकहोमचे वचन येथे पाळले गेले. पण ज्या गल्लीत ३० ची मर्यादा लागू झाली, तिची रुंदी, तिचे वळण, तिचा पदपथ आणि तिचा चौक बदलण्याचा अधिकार पोलिसांना नाही, तो महापालिकेचा. मुख्य रस्त्यांबाबत तर प्रश्न अधिकच अवघड. बसथांबे, मेट्रोची प्रवेशद्वारे आणि बाजार याच रस्त्यांवर आहेत. पायी चालणारा मरतो तोही बहुधा येथेच. तेथे मर्यादा ६० ते ७० ची आणि रस्त्याची घडण त्याहूनही अधिक वेगाला आमंत्रण देणारी.

वेग फलक वाचून कमी होत नाही, रस्ता पाहून होतो. रुंद, सरळ, बिनअडथळ्याचा रस्ता समोर आला, की चालकाचा पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर दाबला जातो. त्याच रस्त्याच्या मार्गिका अरुंद केल्या, चौकाच्या कोपऱ्याचे वळण काटकोनाकडे आणले, पादचारी मार्ग पदपथाच्या पातळीला उचलून घेतला, मध्ये थांबायला सुरक्षित जागा दिली, की तोच चालक न सांगता वेग उतरवतो. अभियंते यालाच ‘ट्रॅफिक काल्मिंग’ म्हणतात. इंडियन रोड्स काँग्रेसने यासाठी मार्गदर्शक संहिता केलेली आहे. २०१८ मध्ये ती नव्याने आली. अडचण अशी, की ती पाळली नाही म्हणून अभियंत्याचे काही बिघडत नाही.

आपल्या रस्त्यांना वेग रोखण्याचा एकच उपाय ठाऊक आहे, तो म्हणजे गतिरोधक. अपघात होतो, लोक रस्ता अडवतात, नगरसेवक येतो आणि रातोरात डांबराचा उंचवटा उभा राहतो. रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या जुन्या संहितेनेच गतिरोधकाचे माप दिले होते: ३.७ मीटर रुंदी, १० सेंटिमीटर उंची, जेणेकरून गाडी ताशी २५ च्या वेगाने धक्क्याविना ओलांडावी. प्रत्यक्षात ना माप, ना पांढरे पट्टे, ना आधी सूचनेचा फलक. मंत्रालयाच्या २०१५ च्या आकडेवारीत गतिरोधकांशी निगडित अपघातांत ३,४०९ मृत्यू नोंदले गेले होते, म्हणजे दिवसाला नऊ. जीव वाचवण्यासाठी घातलेल्या उंचवट्याने जीव घ्यावा, यातच अधिकारांच्या तुकड्यांचे फलित दिसते. मागणी खरी असते, यंत्रणा मात्र कोणाचीच नसते.

मतांचे गणित

वेग कमी करण्याचा निर्णय राजकीयदृष्ट्या महागात पडतो, असा सर्वपक्षीय समज आहे. त्याला आधारही आहे. दिल्लीत २००८ मध्ये आंबेडकर नगर ते मूलचंद या ५.८ किलोमीटरच्या पट्ट्यात बससाठी स्वतंत्र मार्गिका सुरू झाली. रस्त्याचा वाटा बस, सायकल आणि पादचारी यांना देण्याचा तो राजधानीतला मोठा प्रयोग. मोटारींसाठी उरलेल्या मार्गिकांत कोंडी झाली आणि गदारोळ उठला. २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने प्रकल्पाविरुद्धची याचिका फेटाळली, तरी राजकीय लढाई प्रकल्प हरला. २०१६ मध्ये तो उखडून टाकला गेला. बसमधले प्रवासी संख्येने अधिक होते, पण त्यांचा आवाज वृत्तवाहिन्यांपर्यंत पोहोचला नाही.

चेन्नईतही हेच घडले. २०२३ च्या जूनमध्ये वेगमापक यंत्रे बसवून जुनी, ताशी ४० ची मर्यादा अमलात आणण्याची चिन्हे दिसताच टीकेची झोड उठली. नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी नव्या मर्यादा लागू केल्या: मोटारींना ६०, दुचाकींना ५०, रिक्षांना ४० आणि निवासी भागात ३०. वस्त्यांना तीसचे संरक्षण मिळाले, ही जमेची बाजू; मुख्य रस्त्यांवर मात्र मर्यादा वर सरकली. केरळनेही जुलै २०२३ पासून मर्यादा सुधारल्या. मद्रास उच्च न्यायालयाच्या निकालानंतरही आधार घेतला तो २०१८ च्या अधिसूचनेचा. तरी शहरांत मोटारींसाठी ५० ची मर्यादा राखली आणि दुचाकींची कमाल मर्यादा ७० वरून ६० वर आणली. केंद्राच्या सीमेच्या आत राहूनही राज्य आपली वाट काढू शकते, हे केरळने दाखवले.

संसदेतही राजकारणाचा हाच कल दिसतो. २०१९ चे मोटार वाहन दुरुस्ती विधेयक ३१ जुलै रोजी राज्यसभेत १०८ विरुद्ध १३ मतांनी संमत झाले. राज्यांच्या अधिकारांवर अतिक्रमण होत असल्याचा आक्षेप विरोधकांनी घेतला होता. पण कायदा लागू होताच सारे लक्ष वेधले ते दंडाच्या रकमांनी. अतिवेगासाठी हलक्या वाहनाचा दंड ४०० वरून १,००० ते २,००० रुपयांवर गेला, तेव्हा सप्टेंबर २०१९ मध्ये सर्वांत आधी माघार घेणाऱ्यांत भाजपशासित गुजरात होता. त्याने अनेक दंड कमी केले. विधानसभा निवडणूक तोंडावर असलेल्या महाराष्ट्रानेही फेरविचाराची विनंती केंद्राला केली. तेथे सुधारित दंड लागू व्हायला डिसेंबर २०२१ उजाडला. केंद्रात कायदा करायचा आणि राज्यात त्याची धार बोथट करायची, हे एकाच पक्षाला सहज साधले.

दंडाच्या या गलबल्यात त्या दुरुस्तीतल्या खऱ्या महत्त्वाच्या तरतुदी झाकोळल्या. कलम १९८ अ नुसार रस्त्याच्या रचनेचे विहित मानक पाळले नाही आणि त्यामुळे मृत्यू अथवा अपंगत्व आले, तर प्राधिकरण, कंत्राटदार आणि सल्लागार दंडाला पात्र ठरतात. कमाल दंड मात्र फक्त एक लाख रुपये. कलम २१० ड नुसार राष्ट्रीय महामार्ग वगळता इतर रस्त्यांच्या रचनेचे नियम करण्याचा, तर कलम १३८ (१ अ) नुसार पादचारी व बिगरमोटार वाहनांसाठी नियम करण्याचा अधिकार राज्यांना मिळाला. वेगमर्यादेच्या कलम ११२ ला मात्र हात लावला गेला नाही. पाटी आणि रस्ता यांची सांगड घालण्याची संधी संसदेसमोर होती. ती अर्धीच साधली गेली.

न्यायालयाचा रेटा

उरलेले काम, आपल्याकडच्या प्रथेप्रमाणे, न्यायालयाच्या दारी गेले. कोइमतूरचे अस्थिशल्यविशारद डॉ. एस. राजशेखरन यांच्या २०१२ च्या याचिकेवरून सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये न्या. के. एस. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली रस्ते सुरक्षा समिती नेमली. मे २०२५ मध्ये न्यायालयाने पदपथाचा हक्क हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचे बजावले. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या पीठाने राज्ये व केंद्रशासित प्रदेशांना कलम १३८ (१ अ) आणि २१० ड खालील नियम सहा महिन्यांत करण्याचा आदेश दिला. संसदेने २०१९ मध्ये दिलेला अधिकार वापरा, हे सांगायला सर्वोच्च न्यायालयाला सहा वर्षांनी पुढे यावे लागले. कायदेमंडळे आणि राज्य सरकारे या दोघांच्याही कामगिरीवरचा हा शेरा आहे.

न्यायालयाच्या रेट्याला मर्यादा असते. ते नियम करायला लावू शकते. चौकाचे वळण बदलण्याचा खर्च कोणी करायचा आणि त्यासाठी मतदारांची नाराजी कोणी ओढवून घ्यायची, हे ठरवू शकत नाही. ते काम राजकारण्यांचेच. स्पेनने मे २०२१ मध्ये राष्ट्रीय नियमानेच प्रत्येक दिशेला एकच मार्गिका असलेल्या शहरी रस्त्यांवर ३० ची मर्यादा लागू केली. शहराशहरांत वाद घालायला जागाच ठेवली नाही. वेल्सने सप्टेंबर २०२३ मध्ये वस्त्यांत ताशी २० मैल, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटर, हा सर्वसाधारण नियम केला. एकतीस लाखांच्या आसपास लोकसंख्येच्या त्या प्रदेशात विरोधाच्या निवेदनावर साडेचार लाखांहून अधिक सह्या पडल्या. सरकारने काही रस्त्यांना वगळण्याची वाट मोकळी केली, पण नियमाचे तत्त्व सोडले नाही. किंमत मोजावी लागते. धीर धरला तर नियम टिकतो, एवढा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

भारतात हे अशक्य आहे असे मानायचे कारण नाही. चेन्नईच्या पाँडी बाजारात २०१९ पासून रस्त्याचा मोठा भाग पादचाऱ्यांना मिळाला. पुण्याच्या जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद झाले. दिल्लीच्या चांदनी चौकात लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतच्या पट्ट्यात २०२१ पासून सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना मज्जाव झाला. अंमलबजावणीत कसूर आहे, तक्रारी आहेत. परंतु बाजार ओस पडले नाहीत. हे सारे प्रयोग एकेका रस्त्यापुरते आहेत. त्यांचा नियम व्हायचा, तर तीन गोष्टी संसदेच्या आणि केंद्राच्या हातात आहेत. कलम ११२ मध्ये वस्ती, शाळा, रुग्णालय आणि बाजार यांच्या परिसरात ३० हाच नियम आणि अधिक वेगासाठी लेखी कारणे, अशी उलटापालट करणे. वेगमर्यादा जाहीर करताना रस्त्याच्या मालक यंत्रणेने ठरावीक मुदतीत रचना बदलण्याची अट त्याच अधिसूचनेला जोडणे. आणि शहरांच्या रस्त्यांसाठी केंद्राकडून जाणारा निधी या अटीच्या पूर्ततेशी बांधणे. यांतल्या एकाही गोष्टीसाठी घटनादुरुस्ती लागत नाही.

राजधानीला तर आता जुनी सबबही उरलेली नाही. दिल्ली सरकार आणि केंद्र यांच्यातील अधिकारांच्या भांडणात एका दशकभर प्रत्येक प्रश्न दुसऱ्याच्या दारात ढकलता येत होता. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत दिल्लीची सत्ता भाजपकडे आली आणि एप्रिलमध्ये महापौरपदही. त्यामुळे पाटी लावणारे पोलीस, मोठा रस्ता बांधणारा विभाग आणि गल्ली राखणारी महापालिका बऱ्याच वर्षांनी एका पक्षाच्या छत्राखाली आली. तीसची मर्यादा राजपत्रातून रस्त्यावर उतरवायची, तर इतके अनुकूल ग्रहमान पुन्हा जुळून येईलच असे नाही. तोंड लपवावेसे वाटते, असे मंत्री संसदेत म्हणाले होते. ती वेळ पुन्हा येऊ नये असे सरकारला वाटत असेल, तर सुरुवात संसद भवनाच्या आसपासच्या रस्त्यांपासून करता येईल. तेथे फलकही सरकारचेच आहेत आणि रस्तेही.